स्कंक नंबर १ : एका वाणाची जडणघडण आणि त्यामागचे शेतकरी

स्कंक नंबर १ हा गांजाचा जगातला पहिला संकरित वाण होता का, तो एकाच माणसाने तयार केला का, आणि त्यात भारतीय बियाण्याचा अंश आहे का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी बावीस वर्षे महाराष्ट्रात बाजरीच्या वाणपैदाशीत काढली आणि गेली काही वर्षे कॅनडात, औषधी गांजाच्या परवानाधारक पैदास केंद्रात, काम करतो आहे. त्यामुळे या प्रश्नांकडे मी पैदासकाराच्या नजरेने पाहतो. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाची विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे, म्हणून हे उत्तर इतिहास आणि वनस्पतिशास्त्र यांपुरतेच ठेवतो. माझे मत आधीच सांगतो. दोन जातींचा संकर करणे हे त्या काळी अनेकांनी केले होते, कारण त्या पिकात संकर तर वाराही करतो. स्कंकचे मोल संकरानंतरच्या पिढ्यांमध्ये चिकाटीने केलेल्या निवडीत आहे, आणि त्याहून आधी, ज्या शेतकऱ्यांनी त्याचे तीन देशी, म्हणजे आपापल्या मुलखातले पारंपरिक, पूर्वज शेकडो हंगाम जपले त्यांच्या कामात आहे.

पिकाचा स्वभाव समजल्याशिवाय हा इतिहास नीट कळत नाही. गांजात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते, पराग वाऱ्यावर जातो, आणि एका नराचे पराग दूरवरच्या माद्यांपर्यंत पोहोचतात. वनस्पतींनाही नर-मादी असे लिंग असते हे जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या कॅमेरारियस यांनी १६९४ मध्ये प्रयोगाने मांडले, तेव्हा त्यांनी वापरलेल्या झाडांत याच जातीचे, म्हणजे धाग्याच्या हेम्पचे, झाडही होते. परागीभवन असे उघड्यावर होणाऱ्या पिकाचा वाण शुद्ध राखणे किती जिकिरीचे असते, हे बाजरीचे बीजोत्पादन केलेल्यांना वेगळे सांगायला नको. विलगीकरण अंतर चुकले की एकाच हंगामात भेसळ होते आणि ती काढायला पुढचे कित्येक हंगाम जातात.

दुसरा गुण दिवसमानाचा आहे. रात्री पुरेशा मोठ्या झाल्या की हे झाड फुलावर येते. पॅरिसमध्ये ज्युलियन तूर्न्वा यांनी १९१२ च्या सुमारास हेम्प आणि हॉप या दोन झाडांवर नेमके हेच पाहिले होते. त्यामुळे कोणत्या अक्षांशावरचे बियाणे कोठे लावले यावर सगळे अवलंबून असते. विषुववृत्ताजवळच्या जाती गरव्या असतात, त्या सावकाश फुलतात आणि लांबलेला, उबदार हंगाम मागतात. उत्तरेकडच्या, कोरड्या आणि लवकर थंडी पडणाऱ्या प्रदेशातल्या जाती हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, असतात, कारण हिमपातापूर्वी जे झाड पिकले नाही त्याचे बी पुढच्या वर्षी उरतच नाही. अकापुल्को सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे जवळपास आपल्या कोल्हापूरच्या रेषेवर आहे, आणि कोलंबियाचा सांता मार्ता परिसर ११ अंशांवर आहे. उलट उत्तर अफगाणिस्तानातील मझार-ए-शरीफ आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे सांता क्रूझ ही दोन्ही गावे ३७ अंशांच्या आसपास आहेत. स्कंकची सगळी गोष्ट या तीन आकड्यांत दडलेली आहे, असे मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विकला जाणारा गांजा मुख्यतः मेक्सिकोतून आणि पुढे कोलंबियातून येई. तो बियांसकट येत असे, आणि त्या बिया उन्हाळ्यात परसदारी वा डोंगरउतारावर पेरून पाहणारे पुष्कळ होते. अकापुल्को गोल्ड आणि कोलंबियन गोल्ड या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या उष्ण कटिबंधीय जातींची झाडे कॅलिफोर्नियात उंच वाढत, परंतु ऐन फुलोऱ्यात शरदातला पाऊस आणि थंडी त्यांना गाठे. मग युरोपातून तुर्कस्तान, इराणमार्गे काबूलपर्यंत प्रवास करणाऱ्या तरुणांनी अफगाणिस्तानातून हशीशबरोबर बियाही आणल्या. त्या झाडांचा बांधा बुटका, पाने रुंद, फुलांवर राळ, म्हणजे नशेचे घटक असलेला चिकट स्राव, भरपूर, आणि मुख्य म्हणजे ती वेळेत पिकत. अमेरिकी लागवडदारांना अफगाण बियाण्याकडून सर्वांत आधी हवा होता तो हा हळवेपणा. नशेची तीव्रता ही पुढची गोष्ट झाली.

त्यांना स्वतःच्या लागवडीकडे ढकलणारे आणखी एक कारण घडले. १९७५ पासून मेक्सिकोत अमेरिकेच्या मदतीने गांजाच्या शेतांवर पॅराक्वाट या तणनाशकाची हवाई फवारणी सुरू झाली, आणि १९७८ मध्ये फवारलेला माल अमेरिकी बाजारात येत असल्याची भीती पसरली. बाहेरचा माल नकोसा झाला आणि हम्बोल्ट, मेंडोसिनो, ट्रिनिटी या उत्तर कॅलिफोर्नियातील तीन काउंटींमध्ये घरची लागवड जोमाने वाढली.

याच काळात तेथे सिनसेमिया पद्धत रूढ झाली. हा शब्द स्पॅनिशमधला असून त्याचा साधा अर्थ बिनबियांचा असा आहे. नर झाडे पराग सांडण्यापूर्वी उपटली की माद्यांना बी धरत नाही आणि झाडाची शक्ती राळेत जाते. ही पद्धत कॅलिफोर्नियात किंवा फार तर मेक्सिकोत शोधली गेली असे सर्रास लिहिले जाते, आणि तेथे मला थांबून हरकत घ्यावीशी वाटते. बंगालमधील नौगाव, मध्य प्रांतातील खांडवा आणि मुंबई इलाख्यातील आपला नगर जिल्हा हे एकोणिसाव्या शतकात गांजाचे परवान्याखालील लागवडीचे नामांकित मुलूख होते, आणि तेथे नर काढून टाकणे हे पिकाचे नित्याचे काम होते. नौगावला तर त्यासाठी पोद्दार म्हणून ओळखला जाणारा खास पारखी असे. तो ओळीओळीतून फिरून कोवळ्या झाडांतले नर हेरून मोडून टाकी, आणि इंग्रज अधिकारी त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणत. हेमचंद्र केर यांचा १८७७ चा अहवाल, डेव्हिड प्रेन यांचा १८९३ चा अहवाल आणि त्यापाठोपाठ १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाने गोळा केलेल्या साक्षी यांत हे सविस्तर आले आहे. फूल उमलण्यापूर्वी, नुसत्या कळीच्या ठेवणीवरून नर ओळखणे हे कौशल्य आहे. आमच्या केंद्रात आज त्यासाठी पानाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवतात, आणि पोद्दार ते काम उभ्या पिकात डोळ्यांनी करत असे. त्याला त्याचे श्रेय मिळायला हवे.

आता मुख्य वाणाकडे येतो. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात 'सॅक्रेड सीड्स' या नावाने एकत्र आलेल्या पैदासकारांनी स्कंक नंबर १ घडवला, आणि त्याच्याशी 'सॅम द स्कंकमॅन' म्हणजे डेव्हिड वॉटसन यांचे नाव कायमचे जोडले गेले. वाणाचे पूर्वज म्हणून अफगाण, अकापुल्को गोल्ड आणि कोलंबियन गोल्ड अशी तीन नावे सांगितली जातात. हे तिघेही देशी वाण होते, शुद्ध वंश नव्हते. मक्याच्या किंवा कपाशीच्या संकरात पहिली पिढी एकसारखी येते, कारण तिचे आईबाप आधीच अंतःप्रजननाने शुद्ध केलेले असतात. देशी वाणांच्या संकरात पहिल्या पिढीतही थोडाफार सरमिसळपणा असतो, आणि दुसऱ्या पिढीत तर गुणांची अक्षरशः जत्रा भरते. एक झाड आईसारखे बुटके, दुसरे कोलंबियाच्या आजोबांसारखे गरवे, तिसऱ्यात दोघांचे दोष एकवटलेले. अनेक लागवडदार पहिल्या पिढीचा जोम पाहून खूश होत, दुसऱ्या पिढीत निराश होत आणि पुन्हा नव्या संकराकडे वळत.

स्कंकवाल्यांनी त्या दुसऱ्या पिढीतून पुढे जाण्याचे ठरवले, आणि माझ्या मते हाच त्यांचा खरा पराक्रम आहे. अफगाण बाजूचा हळवेपणा, भरगच्च फूल आणि राळ ठेवायची, उष्ण कटिबंधीय बाजूचा वास, चव आणि परिणाम ठेवायचा, आणि बाकीचे पिढ्यानपिढ्या काढून टाकायचे, हे काम कागदावर सोपे दिसते. हळवेपणा एका जनुकावर चालत नाही, अनेक जनुकांचा तो एकत्रित परिणाम असतो. म्हणून मोठ्या संख्येने झाडे लावून त्यांतली मोजकीच राखावी लागतात. त्यात हे पीक अंतःप्रजनन सहन करत नाही. फार थोड्या झाडांवर वंश चालवला तर दोन-चार पिढ्यांत जोम घटतो, म्हणजे निवड कडक हवी आणि तरीही पाया रुंद हवा.

सर्वांत अवघड भाग नराचा आहे. बाजरीत एकाच कणसात दोन्ही लिंगे असतात, त्यामुळे झाड चांगले की वाईट हे त्याच झाडावर दिसते. गांजाच्या नराला राळेने भरलेले फूलच नसते, मग तो चांगला आहे हे ओळखायचे कसे? दुधाळ वंशाच्या वळूची पारख जशी त्याच्या कालवडींच्या दुधावरून होते, तशी नराची पारख त्याच्या मुलींवरून करावी लागते. त्यासाठी नराचे पराग जपून ठेवणे, प्रत्येक संकराच्या बिया वेगळ्या राखणे, त्या पुढच्या वर्षी लावून पाहणे आणि मग मागे जाऊन बापाबद्दल निर्णय करणे, एवढा उपद्व्याप आहे. हे सारे त्या लोकांनी सरकारी संशोधन केंद्रात, कुंपणाच्या आत, पगारी मजूर घेऊन केले नाही; ज्या पिकासाठी तुरुंगात जावे लागे अशा पिकावर केले. तिथली कायदेशीर बाजू बाजूला ठेवून, एक पैदासकार म्हणून मला त्या शिस्तीबद्दल मनापासून आदर आहे.

अशा रीतीने तयार झालेला वाण हा आमच्या परिभाषेत संकर नव्हे, तर स्थिर केलेला, बियांवरून जवळपास सारखाच येणारा मुक्त परागीत वाण आहे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना याचे उदाहरण चांगले माहीत आहे. १९८८ मध्ये आलेला आयसीटीपी ८२०३ हा बाजरीचा वाण पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशातल्या 'इनियाडी' या देशी बाजरीतून निवडीने तयार झाला. त्याचे बी शेतकरी स्वतःचे राखू शकत असे, आणि पुढे त्यातूनच लोहाचे प्रमाण वाढवलेला 'धनशक्ती' निघाला. स्कंकचेही असेच झाले. बी भरवशाचे असल्यामुळे तो पुढच्या असंख्य संकरांचा एक पालक बनला, आणि आज बाजारात दिसणाऱ्या वाणांच्या वंशावळीत मागे गेले की बहुतेकदा कोठेतरी स्कंक भेटतो.

नावाबद्दल दोन शब्द. स्कंक हा उत्तर अमेरिकेतला, शेपटीजवळच्या ग्रंथींतून भयंकर दुर्गंध फवारणारा काळा-पांढरा प्राणी आहे, आणि या वाणाचा वास तसाच उग्र म्हणून हे नाव पडले. वर्षानुवर्षे हा वास टर्पीन या सुगंधी द्रव्यांचा मानला जाई. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की तो मुख्यतः अत्यल्प प्रमाणातील गंधकयुक्त संयुगांमुळे येतो, आणि ती संयुगे त्या प्राण्याच्या फवाऱ्यातल्या संयुगांच्या जवळची आहेत. तेव्हा नाव ठेवणाऱ्यांचे नाक रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरले.

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियात हेलिकॉप्टरने शेते शोधून पीक उपटण्याची मोठी सरकारी मोहीम सुरू झाली आणि लागवड घरात, दिव्यांखाली शिरली. अफगाण अंशामुळे आटोपशीर राहणारे आणि थोड्या आठवड्यांत पिकणारे झाड तेथे आयतेच उपयोगी पडले. गरव्या जातींना छताखाली जागाच नव्हती. त्याच दशकाच्या पूर्वार्धात वॉटसन बियांचा संग्रह घेऊन नेदरलँड्सला गेले. तेथे १९७६ च्या दुरुस्तीने गांजा-हशीशला अधिक घातक पदार्थांपासून वेगळे काढले होते आणि बियांचा व्यापार उघडपणे करता येत होता. 'कल्टिव्हेटर्स चॉइस' या नावाने स्कंकचे बी तेथे विकले गेले. ऑस्ट्रेलियातून आलेल्या नेव्हिल स्कूनमेकर्स यांनी 'द सीड बँक' काढून टपालाने बियाणे विकण्याचा धंदा उभारला, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी तो बेन ड्रॉंकर्स यांच्याकडे जाऊन 'सेन्सी सीड्स' हे नाव पुढे आले. १९८८ मध्ये 'हाय टाइम्स' मासिकाने ॲमस्टरडॅममध्ये गांजाच्या वाणांची 'कॅनाबिस कप' ही स्पर्धा पहिल्यांदा भरवली, त्यात स्कंक नंबर १ पहिला आला. हॉलंडच्या ५२ अंश अक्षांशावर उघड्या रानात गांजा फारसा पिकत नसताना काचगृहात आणि दिव्यांखाली बिनचूक येणारा हा वाण डच लागवडीचा पाया झाला. सारांश, एक माणूस पुरेसा नव्हता. घडवणारे कॅलिफोर्नियातले, पसरवणारे हॉलंडमधले, आणि मूळ माल दिलेले तिसऱ्याच ठिकाणचे.

ब्रिटनमध्ये मात्र १९९० च्या दशकापासून 'स्कंक' हा शब्द कोणत्याही तीव्र, बिनबियांच्या गांजाला सरसकट लावला जाऊ लागला. तेथील मानसोपचारविषयक अभ्यासांत हा शब्द याच सैल अर्थाने येतो. अशा तीव्र गांजाचे रोजचे सेवन आणि मनोविकृतीचा धोका यांचा संबंध त्या अभ्यासांत दिसला आहे, आणि तो गंभीरपणे घ्यावा. तो एका वाणाविषयीचा निष्कर्ष आहे असे समजू नये, एवढेच.

या ठिकाणी निवडीचा एक परिणाम सांगितला पाहिजे, जो त्या पैदासकारांच्या डोळ्यांना दिसतच नव्हता. राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये टीएचसी या गांजातल्या मुख्य नशाकारक द्रव्याची रचना निश्चित केली, पण शेतात उभ्या माणसाकडे ते मोजण्याचे साधन नव्हते. तो ओढून पाहत असे. अफगाण देशी झाडांत टीएचसी आणि नशा न आणणारे सीबीडी या दोन्हींची जनुके मिसळलेली असत. एटियेन द मायर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की या दोहोंतील प्रमाण एकाच जनुकस्थानी ठरते. म्हणजे केवळ परिणामावरून दर पिढीला सर्वांत तीव्र झाड राखत गेले की थोड्याच पिढ्यांत सीबीडी वाणातून निघून जाते, आणि नेमके तसेच झाले. पुढे वॉटसन आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉनेल क्लार्क यांच्या 'होर्टाफार्म' या डच संस्थेत सीबीडीयुक्त झाडांचीही पैदास झाली, आणि १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या जीडब्ल्यू फार्मास्युटिकल्सने तिचे जननद्रव्य घेतले. त्या कंपनीचे 'सॅटिव्हेक्स' हे मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजारातील स्नायूंच्या ताठरपणावरचे, तोंडात फवारायचे औषध ब्रिटनमध्ये २०१० मध्ये मान्य झाले. त्याच्या प्रत्येक फवाऱ्यात २.७ मिग्रॅ टीएचसी आणि २.५ मिग्रॅ सीबीडी असते. जे एका पिढीने नकळत गमावले होते, ते पुढच्या कामाने जाणूनबुजून परत आणले.

आज 'स्कंक नंबर १' लिहिलेले पाकीट घेतले तर मूळ वाणच मिळेल, असे मानू नका. काही वर्षांपूर्वी आम्ही तीन ठिकाणांहून, रीतसर परवान्याने, या नावाचे बियाणे मागवून शेजारीशेजारी लावले. एका पाकिटातली झाडे उंचीला आणि फुलण्याच्या वेळेला बऱ्यापैकी सारखी आली. दुसऱ्यात दोन ठळक गट पडले. तिसऱ्यातली झाडे वासालाच वेगळी, लिंबासारखी होती. कॅनडातील संशोधकांनी २०१५ मध्ये अनेक वाणांचे जनुकीय परीक्षण करून दाखवले की एकाच नावाचे नमुने पुष्कळदा एकमेकांहून दूरचे असतात. ज्या धंद्यात पन्नास वर्षे कोणालाही नोंदवही ठेवणे परवडत नव्हते आणि बीजप्रमाणीकरण यंत्रणा नव्हती, तेथे याहून वेगळे होणे शक्य नव्हते.

तिसरा प्रश्न भारतीय अंशाचा. स्कंकच्या सांगितल्या जाणाऱ्या तीन पूर्वजांत भारतीय कोणी नाही. गोंधळ 'इंडिका' या शब्दाने होतो. लामार्क यांनी १७८५ मध्ये 'कॅनाबिस इंडिका' हे नाव दिले ते भारतातून आलेल्या नमुन्यांवरून, आणि ते झाड उंच, अरुंद पानांचे होते. १९७० च्या दशकात अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड इव्हान्स शुल्टेस अफगाणिस्तानात जाऊन आले आणि तेथील बुटक्या, रुंद पानांच्या झाडांना हे नाव चिकटले. परिणामी आज बाजारात अफगाण वंशाला 'इंडिका' म्हणतात, आणि केरळच्या किंवा जुन्या नगरी गांजाच्या ठेवणीचे अरुंद पानांचे झाड, ज्याच्यावरून ते नाव पडले, ते 'सॅटिव्हा' या दुसऱ्या गटात धरले जाते. म्हणून 'स्कंकमध्ये इंडिका आहे' याचा अर्थ त्यात भारत आहे असा होत नाही. भारतीय अंश शोधायचा तर तो त्याच्या समकालीनात, सांता क्रूझच्या 'हेझ' या वाणात सांगितला जातो. कोलंबिया, मेक्सिको, थायलंड यांच्याबरोबर दक्षिण भारताचे बी त्यात होते, आणि म्हणूनच तो इतका गरवा की डिसेंबरपर्यंत फुलत राही. १९९५ चा कॅनाबिस कप जिंकलेल्या 'व्हाइट विडो'ची वंशावळही ब्राझील आणि दक्षिण भारत अशी दिली जाते.

हे सगळे वाण नंतर उलट्या दिशेने परतले, आणि त्याची काळजी मला स्कंकच्या श्रेयाच्या वादापेक्षा जास्त वाटते. मोरोक्कोच्या रीफ डोंगरांत 'बेल्दिया' या देशी झाडाच्या जागी 'खर्दाला'सारखे आणलेले संकर आले; त्यांना राळ जास्त धरते आणि पाणीही कितीतरी जास्त लागते. वाऱ्याने परागीभवन होणाऱ्या पिकात शेजारच्या रानात संकर लागला की आपले देशी बी राखणाऱ्या शेतकऱ्याचेही बी पुढच्या वर्षी त्याचे राहत नाही. आमच्या केंद्रात जमा केलेल्या प्रत्येक नमुन्यापुढे देश, अक्षांश, गोळा करणारा आणि वर्ष असे रकाने आहेत. ज्याच्या रानातून बी आले त्या शेतकऱ्याच्या गावाचा रकाना मी तीन वर्षांपूर्वी वाढवून घेतला, आणि अफगाण, मेक्सिकन, कोलंबियन अशा जुन्या सर्व नमुन्यांपुढे तो कोराच आहे.